रंगाच्या दोन हातांच्या मधला ब्रश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने घरातली दारं, चौकटी आणि लोखंडी जाळ्या सुट्टीच्या दिवशी थोड्याथोड्या करून मीच रंगवतोय. पहिला हात आणि दुसरा हात यांत कधी एक रात्र जाते, कधी आठवडा. तरी सुरुवातीला बिघडलेला एक सोडला तर दोनच ब्रश पुरले: ऑइल पेंटला डुकराच्या केसांचा, इमल्शनला, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला, नायलॉनचा. दोन्ही आजही मऊ आहेत.

एका रात्रीसाठी ब्रश धुवायची गरजच नाही. डब्याच्या काठावर रंग निपटायचा, केस प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळायचे, आतली हवा दाबून काढायची आणि दांड्याशी रबर लावायचं. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतो, इमल्शन पाणी उडून गेल्यामुळे. पिशवी दोन्ही अडवते.

आठवडाभर थांबायचं असेल तर ऑइल पेंटचा ब्रश मी टर्पेंटाइनमध्ये लटकवतो. दांड्याच्या भोकातून तार घालून ती बरणीच्या तोंडावर आडवी ठेवायची, केसांची टोकं तळाला टेकू द्यायची नाहीत. सुरुवातीला एक ब्रश नुसता उभा ठेवला होता. त्याची टोकं वाकली ती वाकलीच, रेघ सरळ येईना.

पण खरी मेख केसांच्या मुळाशी आहे, पत्र्याच्या पट्टीजवळ. टोकं स्वच्छ दिसतात आणि आत रंग घट्ट होत जातो, मग केस फाकतात. तिथे एकदा वाळलेला रंग थिनरने मऊ होतो, पण पूर्ण निघत नाही. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय काम सुरू करण्याआधीची आहे: कोरडा ब्रश पट्टीपर्यंत टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकायचा आणि मगच रंगात घालायचा, तोही अर्ध्या केसांपर्यंतच. रंग मुळाशी चढत नाही. इमल्शनच्या ब्रशला हेच पाण्याने करायचं. डुकराचे केस मात्र पाण्यात फुगून लुळे पडतात, म्हणून तो ब्रश इमल्शनला वापरू नये.

ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. झाकण लावून ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा धुवायला चालतं. आणि ऑइल पेंट पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कधीच टाकू नका. त्यातलं तेल वाळताना तापतं, आपोआप पेटूही शकतं. मी त्या बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवतो, मगच टाकतो.