थर्मोस्टॅट काढायचा की सायलेन्सर बदलायचा?

कांद्याने भरलेली डिझेल पिकअप घाटात तापली की गॅरेजात सल्ला ठरलेला: "थर्मोस्टॅट काढून टाका." तापमानाचा काटा खाली येतो, मालक खूश. पण इंजिनातलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारा हा व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तो उगाच नाही. तो नसला तर इंजिन गारच चालतं, ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजतात. बीएस-६ गाडीत डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळायलाही गरम इंजिन लागतं. आधी रेडिएटरच्या जाळीतला चिखल बघा. मग गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी पाइपला) हात लावा: बराच वेळ गार राहून नंतर पटकन तापला, तर थर्मोस्टॅट ठीक आहे.

ताकद वाढावी म्हणून मोकळा सायलेन्सर बसवला, तर नुकसान त्यामानाने कमी, पण फायदाही बेताचाच. मोकळ्या पाइपने बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, घटतो, टर्बो जरा लवकर फिरतो. मात्र ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल तेवढंच सोडणार असेल, तर ताकद येणार कुठून? आवाज तेवढा वाढतो, वर दंडाची पावती. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ उडवणं तर बेकायदाच. हां, जुना पाइप काजळीने चोंदला असेल, तर मूळ मापाचा नवा बसवल्यावर चढावर फरक कळतो.