लाइमसर्व्हे: अटी एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरायच्या असतील तर

गूगल फॉर्म्समध्ये एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढच्या विभागात उडी मारता येते, त्यापलीकडे फारसं काही नाही. उत्तर देणारा १८ वर्षांवरचा, जमीन स्वतःची आणि पिकांत ऊस, अशी तीन उत्तरांची मिळून एक अट तिथे बसतच नाही. लाइमसर्व्हेत ती एका ओळीत बसते. २००३ साली पीएचपीसर्व्हेयर नावाने सुरू झालेलं आणि २००७ पासून या नावाने चालणारं हे ऑनलाइन सर्व्हे घेण्याचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या अटींच्या भाषेला एक्सप्रेशनस्क्रिप्ट म्हणतात. सूत्र एकदाच लिहायचं, ते सर्व्हरवर पीएचपीत आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टमध्ये असं दोन्हीकडे तपासलं जातं. म्हणून त्याच पानावरचं उत्तर बदललं की खालचा प्रश्न लगेच दिसतो किंवा जातो, वेगळा कोड लिहावा लागत नाही.

मात्र ही सूत्रं दुसऱ्या सर्व्हेत उचलून न्यायला लागलात की खरी परीक्षा सुरू होते. प्रश्नांच्या गटाची निर्यात एलएसजी फाइलमध्ये होते, सुट्या प्रश्नाची एलएसक्यूमध्ये, पूर्ण सर्व्हेची एलएसएसमध्ये. गट नेला की त्याच्या अटीही सोबत जातात, पण त्या अटींतले प्रश्नांचे कोड (प्रत्येक प्रश्नाला दिलेलं छोटं नाव) नव्या सर्व्हेत असतीलच असं नाही. म्हणून, समजा, उसाच्या किंवा कुटुंबाच्या प्रश्नांच्या गटात बाहेरच्या प्रश्नांचा थेट उल्लेख करू नका. सर्व्हेत त्याआधी एक छोटा जोडणी-गट ठेवा. त्यात फक्त ‘समीकरण’ प्रकारचे, म्हणजे काही न विचारता सूत्राने मूल्य काढणारे प्रश्न असावेत आणि प्रत्येकावर ‘हा प्रश्न नेहमी लपवा’ ही खूण असावी. उसाच्या गटाची अट या समीकरणाचा ठरलेला कोड तेवढा वाचते. नव्या सर्व्हेत जोडणी-गटातली दोन-चार सूत्रं बदलायची, उसाच्या गटाला हातही लावायचा नाही. गटातल्या सगळ्या कोडांना एकच उपसर्ग द्या. कोड रोमन अक्षर-अंकांचे असतात आणि सुरुवात अक्षरानेच व्हावी लागते. एकाच सर्व्हेत दोन प्रश्नांचा कोड सारखा चालत नाही. उपसर्ग नसला तर आयात करताना कोड बदलावा लागतो आणि जुनं सूत्र भलत्याच प्रश्नाकडे बघत बसतं.

समीकरणाचं सूत्र प्रश्नाच्या मजकुरात लिहू नका, त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळी चौकट आहे. मजकूर मराठी आणि इंग्रजीत वेगवेगळा साठतो, त्यामुळे तिथे लिहिलेलं सूत्र दोनदा सांभाळावं लागतं. शिवाय संपादक त्यात एचटीएमएलचे टॅग घुसवतो. सेटिंगमधलं सूत्र सगळ्या भाषांना एकच असतं. वर्डमधून सूत्र चिकटवलं तर वळणदार अवतरणचिन्हं येतात आणि सूत्र मोडतं. चिन्हं सरळच हवीत.

सर्वांत जास्त वेळ खाते ती एनएओके (NAOK, म्हणजे ‘लागू नसलं तरी चालेल’) ही कोडाला लावायची शेपटी. सूत्रातल्या एखाद्या कोडाचा प्रश्न अटीमुळे लपलेला असेल, तर पूर्ण सूत्रच रिकामं ठरतं. पाच पिकांच्या उत्पन्नाची बेरीज करताना एक पीक लागू नसलं की बेरीज गायब, आणि स्क्रीनवर चूक दाखवणारं काहीच नाही. प्रत्येक कोडानंतर टिंब देऊन एनएओके जोडलं की ते मूल्य चालवून घेतलं जातं. बेरजेला अधिकचं चिन्ह न वापरता ‘सम’ हे फंक्शन वापरा, कारण एखाद्या चौकटीत अंकांऐवजी मजकूर आला तर अधिकचं चिन्ह दोन तुकडे नुसते जोडून टाकतं. आणखी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा: लपलेल्या प्रश्नाचं आधी दिलेलं उत्तर सर्व्हे सादर होताना मूळ सेटिंगप्रमाणे पुसलं जातं. विश्लेषणासाठी हे योग्यच आहे, पण संबंधितांना आधी सांगून ठेवावं.

मराठी प्रश्नावलीत अंकांची तपासणी हमखास अडते. पिनकोडसाठी ‘पहिला अंक १ ते ९, पुढे पाच अंक’ असा नमुना लिहिला, तरी तो रोमन लिपीतलेच अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टंकणाऱ्याला ‘चुकीचा पिनकोड’ असं उत्तर मिळतं आणि तो सर्व्हे सोडून जातो. नमुन्यात देवनागरी अंकांची मालिकाही घाला, किंवा सूचनेत अंक कोणते हवेत ते स्पष्ट लिहा. पहिला उपाय उत्तर देणाऱ्याच्या सोयीचा आहे. मात्र मग विश्लेषणाआधी अंक एका लिपीत आणावे लागतात.

स्वतःची जावास्क्रिप्ट शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी. सुपरअ‍ॅडमिन नसलेल्या वापरकर्त्याने प्रश्नात लिहिलेली स्क्रिप्ट जतन करताना सुरक्षा-गाळणीत गळून जाते, आणि मग तासभर चूक शोधत बसावं लागतं. स्क्रिप्टमध्ये उघडणाऱ्या महिरपी कंसानंतर मोकळी जागा सोडली नाही, तर लाइमसर्व्हे तो भाग आपलं सूत्र समजून वाचतं. तीच स्क्रिप्ट दहा प्रश्नांत चिकटवण्यापेक्षा थीम (सर्व्हेच्या दिसण्याचा साचा) विस्तारा आणि तिच्या ‘कस्टम’ जावास्क्रिप्ट फाइलमध्ये एकच फंक्शन ठेवा. ते ठरावीक सीएसएस क्लास (प्रश्नाला लावलेली नावाची खूण) शोधेल. प्रश्नाच्या सेटिंगमध्ये तो क्लास लिहिला की काम झालं. आवृत्ती ३ पासून पानं पूर्ण लोड न होता बदलू शकतात, म्हणून तेव्हा फंक्शन फक्त पहिल्या लोडला बांधलं तर दुसऱ्या पानावर ते चालतच नाही. त्याला पीजॅक्सच्या (पानं अशी बदलणाऱ्या तंत्राच्या) ‘स्क्रिप्टकंप्लीट’ घटनेलाही जोडावं लागतं.

चुका शोधायला ‘सर्व्हे लॉजिक फाइल’ हे पान फार कामाचं आहे. सगळे प्रश्न, अटी आणि सूत्रं तिथे एकत्र येतात आणि अस्तित्वात नसलेला कोड ठळक उठून दिसतो. गट आयात केल्यावर लगेच हे पान बघा, कारण सर्व्हे सक्रिय केल्यावर प्रश्न वाढवता किंवा काढता येत नाहीत.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची आवृत्ती मोफत आहे, पण पीएचपी आणि डेटाबेस सांभाळणारं माणूस हाताशी लागतं. पाच-सहा प्रश्नांच्या नोंदणीअर्जासाठी एवढा खटाटोप नको. दरवर्षी तीच प्रश्नावली थोड्या फरकाने अनेक तालुक्यांत फिरवणाऱ्या संस्थेने मात्र हेच घ्यावं.