मॅक्सचं मॉडेल घेऊन बदलायचं, की ब्लेंडरचं तयारच घ्यायचं?

इंटिरिअरचे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर घराची खरीखुरी वाटणारी चित्रं, करणारा माणूस सोफा स्वतः मॉडेल करत बसत नाही. तेवढा वेळ नसतो, आणि त्याचे वेगळे पैसेही कुणी देत नाही. सोफे, पडदे, कुंड्या, नळ, पंखे सगळं तयार घ्यायचं आणि आपला जीव खोलीतल्या उजेडावर लावायचा. अडचण एवढीच, की बाजारातलं बरंचसं चांगलं फर्निचर थ्रीडीएस मॅक्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, व्ही-रे किंवा कोरोना या रेंडर इंजिनांचं मटेरिअल (पृष्ठभागाचा रंग-पोत) लावून बनलेलं असतं, आणि बडोद्यात माझ्यासारखे एकट्याने काम करणारे अनेकजण ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहेत. मग एक तर मॅक्सचं घेऊन बदलून वापरायचं, नाहीतर निवड कमी असली तरी ब्लेंडची (ब्लेंडरची स्वतःची) किंवा जीएलबीची (तिच्याबद्दल पुढे) फाइल शोधायची. मी आधी जवळजवळ दोन वर्षं पहिला रस्ता धरला होता. आता बहुतेक कामं दुसऱ्याने करतो. दोन्हींबद्दल जे हाताला लागलं ते सांगतो.

तुमच्याकडे मॅक्स आहे आणि सोबत व्ही-रे किंवा कोरोना आहे, तर तुमच्यापुढे हा प्रश्नच नाही. कोरोना २०१७ मध्ये केऑस या कंपनीकडे, म्हणजे व्ही-रेच्याच घरी आली, आणि व्ही-रेचं मटेरिअल बदलून घ्यायला तिचा स्वतःचा कन्व्हर्टर आहे. तुम्ही निवांत खरेदी करा.

मॅक्सच्या बाजाराला निवडीत तोड नाही, हे आधी कबूल करतो. एव्हरमोशनचे आर्कमॉडेल्सचे संच घ्या, टर्बोस्क्विड घ्या. उशीच्या चुण्या, शिवणीचा दोरा, पडद्याची लोंबती घडी हे काम तिथे जितकं जीव ओतून केलेलं दिसतं, तितकं मला दुसरीकडे क्वचितच सापडलं. आणखी एक सोय आहे. विक्रेत्याने टर्बोस्मूथ (मॉडेल पायरीपायरीने गुळगुळीत करणारं मॅक्समधलं साधन) उघडा ठेवला असेल तर फाइल बाहेर काढायच्या आधी त्याची एक पायरी कमी करता येते. दर पायरीला फेस, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे, चौपट होतात, म्हणजे एक पायरी उतरवली की सोफा पाव वजनावर येतो. पण त्यासाठी मुळात मॅक्स हवं. मॅक्सची फाइल मॅक्सशिवाय सहसा नीट उघडत नाही, आणि नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली जुन्या आवृत्तीतही उघडत नाही. मी रावपुऱ्यातल्या एका मित्राकडे पेन ड्राइव्ह घेऊन जायचो. तो बिचारा स्वतःचं काम थांबवून एफबीएक्स (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येणारी फाइल) काढून द्यायचा. विक्रेते सोबत एफबीएक्स आणि तशीच ओबीजे देतात, पण माझ्या अनुभवात ती बहुधा शेवटी उरकून टाकलेली असतात.

मग बदलाबदलीचे नेहमीचे त्रास. ओबीजेमध्ये एकक नसतं, त्यामुळे ८४ इंचांचं कपाट ८४ मिलिमीटरचं होऊन येतं, बोटाएवढं. २५.४ ने गुणलं की संपलं. टेक्श्चरचे, म्हणजे वस्तूवर चढवलेल्या चित्रांचे, पत्ते विक्रेत्याच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचे असतात, म्हणून अख्खा सोफा गुलाबी दिसतो. ब्लेंडरला फाइंड मिसिंग फाइल्समधून फोल्डर दाखवला की तो रंगावर येतो. जुना थ्रीडीएस फॉरमॅट मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यात टेक्श्चरचं नाव आठ अक्षरांवर छाटलं जातं आणि मग हरवलेल्या फाइली एकेक करून हाताने जुळवाव्या लागतात.

हे सगळं मी सहन केलं असतं, कारण या चुका डोळ्यांना दिसतात. गुलाबी सोफा क्लायंटपर्यंत जाऊच शकत नाही. माझा निर्णय झाला तो न दिसणाऱ्या चुकीमुळे.

मागच्या दिवाळीच्या आधी कारेलीबागेतल्या एका काकूंच्या हॉलचं काम होतं. त्यांना मोरपिशी मखमलीचा सोफा हवा होता. मी मॅक्सचं एक सुरेख मॉडेल घेतलं, एफबीएक्स करून आणलं, आणि नेहमीप्रमाणे फक्त रंगाचा मॅप (पृष्ठभागाचा एकेक गुण सांगणारं चित्र) आला. व्ही-रेचं बाकीचं मटेरिअल एफबीएक्समधून येत नाही. उरलेले मॅप हाताने जोडले. फोल्डरमध्ये चकाकीचा एक काळसर मॅप होता, तो रफनेसला, म्हणजे खरखरीतपणाच्या जागी, लावला. रात्री रेंडर टाकला, सकाळी प्रिंट घेऊन गेलो. काकूंनी चष्मा लावून चित्र खिडकीपाशी धरलं. बोट सोफ्याच्या हातावर टेकवलं आणि म्हणाल्या, "अरे, मी मखमल म्हटलं होतं ना? हा तर रेक्झीनचा दिसतोय."

त्यांचं बरोबर होतं. तो मॅप ग्लॉसीनेसचा होता. ग्लॉसीनेसमध्ये काळं म्हणजे मंद आणि पांढरं म्हणजे चकचकीत; रफनेसमध्ये नेमकं उलटं. मखमलीसाठी काळसर ठेवलेला मॅप मी रफनेसला लावल्याबरोबर कापड गुळगुळीत झालं आणि सोफ्याच्या हातावर खिडकीची लांबट पांढरी रेघ पडली. मध्ये काळं-पांढरं उलटवणारा एक इन्व्हर्ट नोड, आणि मॅप रंग म्हणून न वाचता आकडे म्हणून वाचला जावा यासाठी कलर स्पेस नॉन-कलर, एवढ्यात काम झालं. पण त्या आठवड्यात मी वर्षभराचे जुने रेंडर उघडून बसलो, तेव्हा आणखी दोन घरांतल्या सागवानी टेबलांवर तोच अनैसर्गिक चकाकता हात फिरलेला सापडला. ती चित्रं मी दिली होती, लोकांनी मान्य केली होती, त्यावरून पॉलिश ठरलं होतं. ते मला लागलं.

नियम करून हे सुटत नाही. कुणी मॅपला ग्लॉस म्हणतो, कुणी रिफ्लेक्ट, कुणी नुसता आकडा टाकतो. व्ही-रेच्या मटेरिअलमध्ये आता रफनेस वापरायचाही पर्याय आहे, त्यामुळे काही विक्रेत्यांचा मॅप आधीच सरळ असतो आणि आपण सवयीने उलटा करून बसतो. उंचसखलपणाचा भास देणाऱ्या नॉर्मल मॅपची गत तीच. डायरेक्टएक्स पद्धतीचा मॅप ब्लेंडरमध्ये तसाच लावला की हिरवा चॅनल (चित्रातला हिरव्या रंगाचा थर) उलटा वाचला जातो, आणि चामड्यावरची उठावाची शिवण खाचेसारखी दिसते. लांबून कुणाला कळत नाही. जवळून कळतं, आणि घरात राहणारा माणूस जवळूनच बघतो.

जीएलबीकडे मी वळलो ते यासाठी. जीएलटीएफ हे ख्रोनॉस ग्रुप या संस्थेचं थ्रीडी फाइलींचं मानक आहे, त्याची दुसरी आवृत्ती २०१७ ची, आणि जीएलबी म्हणजे टेक्श्चरसकट तेच सगळं एका फाइलीत. त्यात अर्थाला फाटे फुटत नाहीत. एकक मीटर. रफनेस हिरव्या चॅनलमध्ये, धातूपणा निळ्यात. नॉर्मल मॅपची दिशाही ठरलेली. मखमलीच्या कडेला येणाऱ्या तजेल्यासाठी शीनचं आणि लाखेसारख्या वरच्या थरासाठी क्लिअरकोटचं एक्स्टेन्शन आहे, आणि विक्रेत्याने ते भरलं असेल तर ब्लेंडरमध्ये ते जागच्या जागी बसतं. ब्लेंडची फाइल असेल तर याहून सोपं: सबडिव्हिजन (ब्लेंडरमधला टर्बोस्मूथ म्हणा) अजून जिवंत असतो, काम करताना एक पायरी आणि रेंडरला दोन ठेवता येतात. मॅक्सवरून आणलेल्या सोफ्याला माझा पाऊण तास जातो, ब्लेंडच्या सोफ्याला पाचेक मिनिटं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, हाताचा अंदाज आहे.

याची लंगडी बाजूही आहे. जीएलबीतला पुष्कळ माल वेबसाइटवर आणि मोबाइलवर फिरवून बघण्यासाठी बनलेला असतो. मागच्या भिंतीपाशी ठेवायला छान, पण कॅमेऱ्यापुढे आणलात की गोल हातांचे कोपरे दिसायला लागतात. पुढच्या वस्तू मी ब्लेंडमध्येच शोधतो, आणि निवड खरंच कमी पडते. पॉली हेवन या साइटवर सीसी-झिरो, म्हणजे कसंही वापरा अशा परवान्याखाली फुकट मिळतं ते उत्तम असतं, पण त्यावर अख्खा फ्लॅट सजत नाही. टेक्श्चरकडेही लक्ष ठेवा. ४०९६ पिक्सेलचा एक मॅप न दाबता मेमरीत साधारण ६४ एमबी घेतो, सोफ्याचे पाच मॅप धरले की ३२० एमबी. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर खोली भरायच्या आत जागा संपते. मागच्या वस्तूंचे मॅप मी २०४८ वर आणतो, जागा एक-चतुर्थांश लागते.

परवान्याचं थोडक्यात: साधारणपणे रेंडर विकता येतो, मॉडेल पुढे देता येत नाही, म्हणून मदतीला घेतलेल्या मुलाला अख्खी फाइल पाठवण्याआधी अटी वाचा. एडिटोरिअल (फक्त बातमी-लेखांसाठी) असा शिक्का असेल तर ती खुर्ची व्यावसायिक कामात वापरायची नाही. हे दोन्हींकडे सारखंच.

आणि काही गोष्टी दोन्ही बाजारांत नाहीत. आपल्या इथल्या घरांत हॉलमध्ये झोपाळा हवाच, आणि तो संखेड्याचा, म्हणजे त्या गावच्या लाखेच्या नक्षीचा. मी दोन रात्री शोधलं, अंगणात टांगायचे पांढरे विलायती बाकच मिळाले. शेवटी दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातला झोपाळा टेप लावून मोजला आणि स्वतः बनवला. कातलेले सागवानी खांब, त्यांवरची मरून आणि सोनेरी नक्षी, वर लाखेचा थर. तो थर ब्लेंडरच्या प्रिन्सिपल्ड मटेरिअलमधल्या कोट या वरच्या थरात दिला, खालचा रंग रफ ठेवला. खिडकीचा उजेड कातकामाच्या प्रत्येक गोलाईवर बारीक ठिपक्यासारखा उभा राहिला, तेव्हा पटलं. मित्राच्या मॅक्ससाठी तोच एफबीएक्स करून दिला, तर कोट गेला आणि झोपाळा ऑइलपेंट मारल्यासारखा झाला.

मॅक्सचं मी पूर्ण सोडलेलं नाही. बेसिन, नळ, काचेची झुंबरं, पीओपीच्या पट्ट्या तिथूनच घेतो, कारण त्यांना मॅपच नसतात किंवा एखादाच असतो. सिरॅमिक नाहीतर क्रोम दोन मिनिटांत नवं लावता येतं, उलटं वाचायला तिथे काही नसतंच. कापड, लाकूड, चामडं मात्र ब्लेंड किंवा जीएलबीतच. तुमचं काम मॉड्युलर किचन आणि बाथरूमचं असेल तर कदाचित तुमचा कौल वेगळा पडेल. दिवाणखाने आणि बेडरूम करत असाल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी मी तयार फाइलच घेईन. बदलून घ्यावंच लागलं, तर वस्तू खोलीत ठेवण्याआधी एका रिकाम्या फाइलीत, एकाच खिडकीच्या उजेडात, शेजारी रफनेस ०.८ चा एक राखाडी गोळा ठेवून बघतो. काकूंचा सोफा आता त्याच फाइलीत दुसऱ्या बाजूला कायमचा ठेवलाय. नवीन कापड त्याच्या शेजारी लावलं की रेक्झीन लगेच ओळखू येतं.