सीलबंद खोक्यातली ‘व्हिक्टरी’

शिडाच्या जहाजाची छोटी प्रतिकृती बनवायचं लाकडी किट कुणाकडून जुन्या भावात घेणार असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. ‘युरोपातून आणलेलं, न उघडलेलं’ म्हणून गोव्यात नकली किट खपवलं जातंय. मी त्यात 28 हजारांना बुडालोय.

आमच्याकडे हा छंद असणारी माणसं मोजकी. पण 2025 मध्ये दिवाडीला बांधलेलं कौंडिण्य पाण्यात उतरलं (नौदलाचं ते जहाज, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या), आणि ‘आपणही एखादं छोटं करून बघूया’ म्हणणारे माझ्या ओळखीत वाढले. चांगलं किट इथल्या दुकानात सहसा मिळत नाही. बाहेरून मागवायचं तर किमतीवर कुरिअर आणि वर कस्टम ड्युटी. त्यामुळे कुणाकडे किट पडून आहे म्हटलं की आमचे कान टवकारतात, आणि फसवणारा नेमका तिथेच गळ टाकतो.

जाहिरातीत एचएमएस व्हिक्टरीचं किट होतं, 1:72 चं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या 72 पट लहान. 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईतलं हे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं जहाज. हा नाद लागलेल्या बहुतेकांना कधी ना कधी ते करायचंच असतं. खोक्यावर युरोपातल्या नावाजलेल्या कंपनीचं नाव. विकणारा म्हणे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. बार्सिलोनाच्या बंदरात हौसेने घेतलं, घरी आणून ठेवलं आणि तसंच राहिलं. “बोटीर वेळ खंय मेळटा, पात्रांव?” असं तो फोनवर म्हणाला. गोव्यात ज्याच्या त्याच्या नात्यात कुणीतरी बोटीवर असतो, तेव्हा ही गोष्ट पटायला काहीच लागत नाही. पाच हजार ॲडव्हान्स यूपीआयने घेतला. बाकीचे रोख हवे होते, कारण खातं एनआरआयचं आणि मोठी रक्कम आली की बँक प्रश्न विचारते. चार दिवसांत बोटीवर चढायचंय, हेही होतंच.

मडगावच्या कदंब बसस्टँडवर भेटला. डोक्यावर क्रूझ कंपनीची टोपी, हातात सीडीसीचं (खलाशाच्या ओळखीचं) पुस्तक, तेही नुसतं मुखपृष्ठ दिसेल एवढंच. खोकं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं. उघडून बघू म्हटलं तर म्हणाला, सील तुटलं की दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही. वजन भरपूर होतं, आत लाकूड वाजत होतं. फोंड्याला पोचेपर्यंत त्याचा फोन बंद.

आता आत काय निघालं ते सविस्तर सांगतो, कारण ओळखायच्या खुणा त्यातच आहेत.

आधी नकाशे. अशा किटमध्ये प्रतिकृतीच्याच मापाचे नकाशे असतात. भाग त्यावर ठेवूनच जुळवायचा असतो. खऱ्या व्हिक्टरीची तोफांच्या डेकवरची लांबी 186 फूट. 72 ने भागली की सुमारे 79 सेंटीमीटर येते. माझ्या नकाशावर पट्टी ठेवली तर 73 भरली. मूळ नकाशा स्कॅन करून कागदात मावेल तसा आकसून छापलेला. कागदाच्या कडेला दुसऱ्या एका नकाशाची अर्धी रेघ तशीच राहिली होती.

मग सांगाडा. जहाजाच्या कण्याच्या फळीला खाचा असतात आणि त्यांत आडवे सांगाडे घट्ट बसावे लागतात. इथे खाचा कापल्या होत्या 5 मिलिमीटरच्या आणि फळी 4 ची. सांगाडा बोटाने हलवला की खुळखुळ्यासारखा वाजे. शिवाय प्लायवूड नव्हे, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी). आमच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत कपाटाची पाठसुद्धा फुगते, तर ही चार मिलिमीटरची फळी किती टिकणार!

सगळ्यात राग आला तो अक्रोडाच्या पट्ट्या बघून. बाहेरच्या थराला अक्रोडाची बारीक पट्टी लावतात, कारण तिचा रेषा बारीक असतो आणि छोट्या मापात शोभतो. (सागवानाचं आम्हा लोकांना कितीही प्रेम असलं तरी 1:72 ला त्याची रेघ ओबडधोबड दिसते.) थिनरचा बोळा फिरवला तर कापूस तपकिरी झाला. पट्टी मोडून पाहिली, आतून पांढरीफटक. कुठलं तरी हलकं लाकूड रंगवून दिलेलं. डोलकाठ्यांचे दोर ताणायच्या तीन भोकांच्या चकत्या लाकडाच्या हव्यात. या प्लास्टिकच्या, कडेला साच्याची शिवण सरळ दिसत होती.

पैसे देण्याआधी पारख कशी करायची? विकणाऱ्याला सांगा, नकाशावर स्टीलची पट्टी ठेवून फोटो पाठव, पट्ट्यांचं कापलेलं टोक जवळून दाखव, आणि खोक्यातली सुट्या भागांची यादी पाठव. खरा हौशी माणूस खुशीने पाठवतो, उलट दोन फोटो जास्तच. ‘सील’ म्हणून अडवणूक करणाऱ्याचं सील कोणत्या गल्लीत गरम हवेने चिकटवलंय देव जाणे. युरोपातल्या कंपनीला किटचे फोटो मेलने पाठवून विचारणंही सोपं आहे.

1930 वर लगेच फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. या नंबरवर जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी गोठवायची शक्यता जास्त. पण ती बँकेतून गेलेल्या पैशांची. पाच हजारांचा माग लागू शकतो. 23 हजार रोख दिलेले, त्यांची पावती कुठली? म्हणूनच त्याला रोख हवे होते.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक तेच, खोक्याच्या डाव्या कोपऱ्याला पडलेला चेपही तोच. मला मिळालेल्या खोक्याला तो चेप नव्हता, म्हणजे फोटोतलं खोकं एक आणि हातात देतात ते दुसरंच. विकणारा आता कुडाळचा झालाय, किंमत 24 हजार, ॲडव्हान्स तेवढाच, आणि बोट शनिवारी सुटते. स्क्रीनशॉट तक्रारीला जोडले आहेत.