वापरलेला ऑइल फिल्टर कापल्यावर काय कळतं आणि काय कळत नाही: तीन बांधणींची पारख

नवा फिल्टर कापून त्याची वाहवा करणं सोपं असतं. कागद ताठ, चुण्या (कागदाच्या घड्या) सरळ, रबर लुसलुशीत, सगळंच कसं छान. तोच फिल्टर काही हजार किलोमीटर उकळत्या तेलात, काजळीत आणि थंड इंजिन सुरू होतानाच्या दाबाच्या धक्क्यात राहिला की त्याची बांधणी उघडी पडते. म्हणून इथे वापरून उतरवलेल्या फिल्टरांबद्दलच बोलू. बांधणी तीन प्रकारच्या (टोप्या म्हणजे चुण्यांची दोन्ही टोकं बंद करणाऱ्या चकत्या): पुठ्ठ्याच्या टोप्यांचा साधा कागदी, पत्र्याच्या टोप्यांचा मिश्र धाग्यांचा, आणि तारेच्या जाळीचा आधार असलेला पूर्ण सिंथेटिक. ब्रँडची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच नावाखाली, अगदी एकाच पार्ट नंबरखालीही आतली बांधणी बदलते, आणि मग नावावर दिलेला निकाल वाया जातो.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. कापलेल्या फिल्टरवरून तो किती बारीक गाळतो हे सांगता येत नाही. नुसत्या डोळ्यांना साधारण 40 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे कण दिसतच नाहीत आणि फिल्टरची खरी परीक्षा 10 ते 30 मायक्रॉनच्या पट्ट्यात असते. त्यासाठी आयएसओ 4548-12 ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. कंपनी त्या चाचणीचा आकडा देत असेल तर टक्का आणि मायक्रॉन दोन्ही वाचा. ‘99 टक्के’ एवढंच छापलं असेल तर ते अर्धवट आहे. 20 मायक्रॉनला 99 टक्के आणि 40 मायक्रॉनला 99 टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक. कापून कळतं ते वेगळंच: गाळायचं तेल खरोखर कागदातून गेलं, की कुठल्या फटीतून निसटलं.

कापायचं कसं, यावरच अर्धा निकाल अवलंबून असतो. हॅक्सॉ किंवा ग्राइंडर लावू नका. त्यांचा लोखंडी कीस चुण्यांत जाऊन बसतो आणि मग इंजिनातला चुरा कोणता, आपण पाडलेला कोणता हे ओळखता येत नाही. फिरत्या चाकाचा फिल्टर कटर वापरावा. तळपट्टीच्या, म्हणजे तोंडाकडच्या भोकांच्या जाड पत्र्याच्या, दुमडलेल्या कडेच्या जरा खाली चाक टेकवायचं, एक पूर्ण फेरा मारायचा, स्क्रू किंचित आवळायचा, पुन्हा फेरा. घाईने आवळलं की पत्रा चेपतो आणि आतला घटक, म्हणजे चुण्या, टोप्या आणि मधली भोकांची नळी मिळून झालेला गाभा, वाकडा होतो. त्याआधी फिल्टर तोंड खाली करून दिवसभर निथळू द्या. लहान गाडीच्या फिल्टरमध्येही पेलाभर तेल सहज असतं. हातमोजे हवेतच. वापरलेलं तेल कातडीला घातक असतं आणि कापलेला पत्रा पात्यासारखा लागतो.

डबा उघडला की चुण्यांवर तुटून पडू नका. आधी तळपट्टीखालची रबरी झडप काढा. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल मागे ओघळू नये यासाठी ती असते. बोटांत दुमडून सोडा. लगेच मूळ आकारात आली तर ठीक. कडक झाली असेल, ओठ कायमचा दबलेला असेल किंवा दुमडल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर गाडी सकाळी सुरू करताना ऑइलचा दिवा उशिरा का विझत होता त्याचं एक संभाव्य कारण सापडलं. नायट्राइल रबर उष्णतेने कडक होत जातं, सिलिकॉन बराच काळ मऊ राहतं. रंगावर मात्र जाऊ नका. नारिंगी म्हणजे सिलिकॉन आणि काळं म्हणजे नायट्राइल हा नियम दोन्ही बाजूंनी मोडतो. आणि फिल्टर तोंड वर करून सरळ लटकत असेल, तर या झडपेला तसं फारसं काम नसतंच. तिथे तिच्यावरून गुण कापणं अन्याय आहे.

मग बायपास वॉल्व्ह. थंडीत घट्ट झालेलं तेल किंवा चोक झालेला कागद यामुळे आत-बाहेरच्या दाबात ठरावीक फरक पडला, की हा वॉल्व्ह उघडून तेल न गाळता पुढे सोडतो. इंजिनला तेलच न मिळण्यापेक्षा घाण तेल बरं, हा त्यामागचा हिशोब. अडचण तो बंद असतानाची आहे. तो नीट बसत नसेल तर थोडं तेल सतत आडवाटेने जातं आणि उत्तम कागदही निकामी ठरतो. बरेच जण मधल्या नळीत टॉर्च धरून अंधारात बाहेरून उजेडाची रेघ शोधतात. पण डबा कापला की घटकाला जागेवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा दाब निघून जातो आणि चांगल्या फिल्टरातही रेघ दिसू शकते. घटक आणि स्प्रिंग हाताने घट्ट दाबून मगच पाहा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे टोपीवरचा बैठकीचा ठसा. पत्र्यावर पत्रा बसत होता तिथे गोल, अखंड, चकचकीत कडं दिसलं तर बैठक नीट होती. कडं मध्येच तुटलं असेल तर फट होती. काही इंजिनांत बायपास इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असतो. त्यांच्या फिल्टरात तो नसणं हा दोष नव्हे.

आता चुण्या. कापण्याआधी घटक गोल फिरवून अंतरं बघा. चुण्या एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला असेल तर त्या भागातून तेल जातच नाही आणि उरलेल्या कागदावर भार पडतो. लाटेसारख्या वाकड्या चुण्या आधार कमी पडल्याची खूण. मधली नळी चेपलेली असेल तर प्रकरण गंभीर: एकतर बायपास वेळेवर उघडला नाही, नाहीतर फिल्टर त्याच्या आयुष्याच्या पलीकडे ताणला. नळीवरची भोकं नीट उघडलेली आहेत का हेही बघा. पत्रा कापून वळवलेल्या खाचांच्या नळीत काही खाचा जेमतेम उघडलेल्या सापडतात.

मग धारदार कटरने दोन्ही टोप्यांलगत कागद कापून लांब पट्टी सोडवा. कोऱ्या कागदात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबली की तेल निघून जातं. पट्टी उजेडासमोर धरून आधी जोड (कागदाची दोन टोकं जुळवलेली जागा) तपासा, मग टोपीलगतची मुळं. कागद सहसा या दोन जागी फाटतो. फाटका भाग दिसला की तो कटरचा नाही ना याची खात्री करा. तेल बाहेरून आत वाहतं, त्यामुळे वापरात फाटलेल्या कडा आत, नळीच्या दिशेला ढकललेल्या, मऊ पिंजलेल्या असतात आणि त्यांत गाळ अडकलेला असतो. कटरची कड सरळ आणि ताजी दिसते.

चुण्यांची संख्या मोजून निकाल देणाऱ्यांनी गणित करावं. क्षेत्रफळ म्हणजे खोली गुणिले उंची गुणिले संख्या, आणि चुणीला दोन बाजू म्हणून दुप्पट. 70 मिमी उंच, 12 मिमी खोल अशा 50 चुण्या म्हणजे 840 चौरस सेंटीमीटर. तेवढ्याच उंचीच्या, पण 9 मिमी खोल अशा 60 चुण्या भरतात 756. दहा चुण्या जास्त, कागद कमी.

काळेपणावर तर मुळीच जाऊ नका. डिझेलची काजळी इतकी बारीक असते की ती कागदातून आरपार जाते आणि जाता जाता सगळं रंगवते. पट्टीवरचे चकचकीत कण लोहचुंबकाने तपासा: चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, न चिकटणारा रुपेरी बहुधा अॅल्युमिनियम, तांबूस असेल तर बेअरिंग किंवा बुशकडे बोट जातं. ती मात्र इंजिनाची कुंडली झाली, फिल्टरची नव्हे. उलट हे कण अडकले म्हणजे फिल्टरने काम केलं. कुणीतरी सढळ हाताने लावलेल्या सीलंटचे तुकडेही इथे सापडतात.

या कसोट्यांवर पुठ्ठ्याच्या टोप्यांचा कागदी फिल्टर समजला जातो तितका टाकाऊ नाही. पुठ्ठा बघून नाक मुरडलं जातं, पण कागद त्याला चांगला चिकटतो आणि नीट चिकटलेली पुठ्ठ्याची टोपी अर्धवट गोंद लावलेल्या पत्र्याच्या टोपीपेक्षा बरी. त्याची मर्यादा काळाची आहे. उष्णता आणि तेलातलं आम्ल यांनी कागद ठिसूळ होत जातो. वापरलेली पट्टी दुमडल्यावर कडकन मोडली तर ती मुदत ओलांडून गेली. तेलात पाणी साचत असेल, म्हणजे सतत छोट्या फेऱ्या होत असतील, तर कागद फुगतो आणि वाट अरुंद होते. कमी अंतराने तेल बदलणाऱ्याला हा पुरतो. मुदत ताणणाऱ्याने घेऊ नये.

मिश्र धाग्यांचा पैसे वसूल करतो. कागदाचा ताठपणा राहतो, सिंथेटिक धाग्यांमुळे तो लवकर मोडत नाही. यात पारखायची जागा एकच: पत्र्याच्या टोपीतला गोंद. तो सगळीकडे सारख्या उंचीचा हवा आणि प्रत्येक चुणीचं टोक त्यात बुडालेलं हवं. एका बाजूला जाड थर आणि दुसरीकडे कोरडा पत्रा दिसला, तर गोंद सुकताना घटक कललेला होता.

पूर्ण सिंथेटिक फिल्टर घ्यायचा तर जाळीचाच. हे माध्यम, म्हणजे गाळणारं कापड, मुळात लोळागोळा होणारं. जाळी नसेल तर लांब वापरात चुण्या वाकतात आणि महाग माध्यम गठ्ठ्यात दडतं. जाळी असलेल्या फिल्टरात लांब मुदतीनंतरही चुण्या रांगेत उभ्या दिसायला हव्यात. जाळीचं एखादं टोक गोंदाबाहेर सुटून माध्यमाला टोचत नाही ना, एवढं बघावं. दर पाच हजारांनी तेल बदलणाऱ्याने मात्र यावर जास्तीचे पैसे घालू नयेत.

तुलना करायची तर एकच इंजिन, तेच तेल, तेवढंच अंतर. डब्यावर लावतानाच मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. एका फिल्टरवरून मत बनवू नका. एक वाकडी चुणी ही एका नगाची चूक असू शकते, त्याच फिल्टरचे तीन नग कापून तिन्हींत तीच चुणी वाकडी असेल तर ती कारखान्याची.

कार्ट्रिज फिल्टरला डबा नाही, त्यामुळे कापण्याची कटकटही नाही. त्याची आधाराची नळी आणि बहुतेक वेळा बायपासही इंजिनावरच्या फिल्टरच्या घरात (हाउसिंगमध्ये) असतो, तेव्हा तपासायचं ते चुण्या, टोप्या आणि नळीवर बसणाऱ्या रबरी कडा. जुनी ओ-रिंग झाकणाच्या कोणत्या खाचेत होती ते काढतानाच बघून ठेवा. नवी चुकून शेजारच्या खाचेत बसली, तर फिल्टर कितीही चांगला असो, तेल झाकणातून बाहेर येईल.