आर-६००ए आणि आर-२९०: गॅस बाहेर सोडायचा की सिलिंडरमध्ये ओढायचा?

दुरुस्तीआधी फ्रिज-एसीतला थंड करणारा गॅस काढावा लागतो. घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए (आयसोब्युटेन, ज्वलनशील) साधारण ३० ते ८० ग्रॅम असतो. एवढ्यासाठी रिकव्हरी मशीन (गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं) उचलून नेण्यात फारसा अर्थ नाही. प्रोसेस ट्यूबला (कॉम्प्रेसरवरची गॅस भरायची नळी) पिअर्सिंग प्लायर (नळीला भोक पाडणारी पक्कड) लावा, होजचं दुसरं टोक मोकळ्या हवेत, गटार आणि तळघरापासून लांब ठेवा आणि गॅस सावकाश सोडा. हा गॅस हवेच्या दुप्पट जड, फरशीलगत साचतो, हवेत १.८ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. फ्रिजचा प्लग त्याआधीच काढलेला हवा, कारण गॅस पसरल्यावर प्लग ओढताना उडालेली ठिणगीही पुरते.

स्प्लिट एसीत आर-२९० (प्रोपेन, हाही ज्वलनशील) तीनशे ग्रॅमच्या आसपास. इथे सिलिंडरच बरा: आतून व्हॅक्यूम केलेला, आणि मशीन ज्वलनशील गॅससाठीच बनवलेलं. आर-२२ (न पेटणारा जुना गॅस) साठीचं जुनं मशीन नको, त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते.

खरी चूक पुढे होते. गेजवर शून्य दिसलं म्हणजे गॅस संपला असं नाही. कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅस निघतच राहतो. व्हॅक्यूम ओढा (पंपाचा एक्झॉस्टही बाहेर), नायट्रोजन फिरवा, मग पाइप कटरने कापा. टॉर्चने सांधा सोडवायला गेलात, तर ज्वाला थेट तोंडावर येते.