धुलाई चोख, हिशेब कच्चा

सुरुवातीलाच सांगतो, कपडे स्वच्छ निघतात. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी इथूनच मागे फिरायला हरकत नाही. पुढे जे आहे ते बरंचसं घड्याळाबद्दल आहे.

मशीन समोरून दार असलेलं, सात किलोचं. वापरून चौदा महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी या साऱ्या जातीबद्दल आहेत. एकाच घराण्याला का बदनाम करा?

माझी उभी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर महिनाभरातच बायकोने कपड्यांचं खातं माझ्याकडे सोपवलं. तिला माझी मदत हवी होती असा माझा समज होता. मी स्वयंपाकघरात येऊन डब्यांवर तारखा टाकणं थांबवावं, एवढीच तिची इच्छा होती हे पुढे कळलं.

मशीन आलं त्या दिवशी बसवणारा माणूस काही आला नाही. मी म्हटलं, नळी जोडायची, प्लग लावायचा, त्यात माणूस कशाला? पुस्तिका घेऊन बसलो. पहिली नऊ पानं नुसत्या सूचनांची होती : मुलांना ड्रममध्ये बसू देऊ नये, मशीनवर मेणबत्ती ठेवू नये, ओल्या हाताने अमुक करू नये. दहाव्या पानावर मी पुस्तिका मिटली. आयुष्यभर लोकांना 'शेवटचं पान दाखवा' म्हणणाऱ्या माणसाने! अकराव्या पानावर लिहिलं होतं की मागच्या बाजूचे चार बोल्ट आधी काढा. वाहतुकीत ड्रम हिंदकळू नये म्हणून ते घातलेले असतात. ते तसेच राहिले तर ड्रमला स्प्रिंगवर झुलता येत नाही, आणि त्याचा सगळा थरथराट सांगाड्यात उतरतो.

तर स्पिन सुरू झाल्यावर मशीन चालायला लागलं. 'चालायला' हा शब्द शब्दशः घ्यावा. भिंत सोडून ते बोळातून दीड हात पुढे आलं आणि बाथरूमच्या दाराला टेकून उभं राहिलं. आमच्या बाथरूमचं दार बाहेर उघडतं आणि आत मेहुणा आंघोळ करत होता. "भावोजी, भूकंप झाला का हो?" असं त्याने आतून विचारलं. मी नाही म्हणालो. "मग दार का उघडत नाही?" याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला.

नंतर मी त्याला माहिती दिली की १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचं स्वयंचलित मशीन बाजारात आणलं, तेव्हा ते जमिनीला बोल्टने जखडून टाकावं लागत असे. म्हणजे हा रोग खानदानी आहे. मेहुण्याला त्यातून काही दिलासा मिळाल्याचं दिसलं नाही.

पावडरच्या खणाबद्दल थोडक्यात. त्याला तीन कप्पे असतात. एकावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर फूल. फूल पाहून मला वाटलं, सुगंधी ते इथे. आमचं लिक्विड सुगंधी होतं. फुलाचा कप्पा सॉफ्टनरचा असतो आणि मशीन त्याला शेवटच्या खळबळण्याच्या वेळी हात घालतं, हे मला तीन आठवड्यांनी समजलं. तोवर आमचे कपडे नुसत्या पाण्यात धुतले जात होते आणि सगळं झाल्यावर त्यांना साबण लावला जात होता. घरात मात्र कौतुकच चाललं होतं. "किती छान वास येतो हो!" मलाही आला. अंगाला खाज सुटत होती, तिचा संबंध आम्ही हवामानाशी लावला. एके दिवशी जिने चढून आल्यावर घामाने निथळत मी रुमालाने कपाळ पुसलं आणि भुवईला फेस आला. तेव्हा उलगडा झाला.

या दोन्ही चुका माझ्या. जमाखर्चात त्या मशीनच्या नावावर टाकत नाही. आता मशीनच्या नावावर काय आहे ते सांगतो.

मशीन वेळ खोटी सांगतं.

हा आरोप मी पुराव्यानिशी करतो आहे. बोळात खिळ्याला वही टांगली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : तारीख, कपडे, मशीनने सांगितलेली वेळ, खरी वेळ. सुरुवातीला पडद्यावर एक तास दहा मिनिटं येतात. पहिला तास प्रामाणिकपणे सरतो. मग नऊ येतात, आठ येतात, आणि एकदम एक. मग एकच राहतो. मी ओली दोरी पुसून, चिमटे घेऊन उभा असतो. एक. पेपर वाचून होतो. एक. या शेवटच्या मिनिटाची माझ्या वहीतली सगळ्यात कमी नोंद दोन मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त एकोणीस मिनिटांची. आमच्या काळी एखाद्या कारकुनाने असा ताळेबंद आणला असता तर मी लाल पेन्सिल मोडेपर्यंत खुणा केल्या असत्या.

कारण शोधलं. पडद्यावरची वेळ हा मशीनचा अंदाज असतो. नळाला धार बारीक असली की पाणी भरायला वेळ लागतो, फेस जास्त झाला की ते थांबून वाट बघतं. पण खरी गोम स्पिनमध्ये आहे. जोरात फिरण्याआधी मशीन ड्रम हळू फिरवून पाहतं की कपडे सगळीकडे सारखे पसरलेत का. एका बाजूला बोळा असेल तर थांबतं, उलटसुलट हलवून तो सोडवू पाहतं, परत अंदाज घेतं. हे सगळं चालू असताना पडद्यावर 'एक' तसाच.

मी गणित मांडलं. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १२०० फेऱ्या. एका बाजूला एक किलोचा ओला बोळा जास्त असेल तर तो पावणेचारशे किलोहून जास्त वजनाच्या जोराने ड्रमला बाहेर खेचतो. हे कळल्यावर मशीनच्या कचरण्याबद्दल मला थोडी सहानुभूती वाटली. मशीनच्या पोटात वजनासाठी काँक्रीटचे ठोकळे का घालतात तेही समजलं. पण सहानुभूती वेगळी आणि हिशेब वेगळा. पडद्यावर 'जमत नाहीये, बघतो' अशी दोन अक्षरं आली असती तर मी गुमान खुर्चीत बसलो असतो.

बोळा होतो कसा? दुलईच्या खोळीमुळे. हा प्राणी मी चौदा महिने अभ्यासला आहे. ड्रममध्ये घालताना खोळ, दोन उशांचे अभ्रे, चार बनियनं, एक टॉवेल असे निरनिराळे जिन्नस असतात. बाहेर येते ती एकटी खोळ, गर्भार. एका कोपऱ्यात अभ्रे, दुसऱ्यात टॉवेल, आणि तळाशी बनियनं अशी पिळून बसलेली की सोडवायला दोघं लागतात. शिवाय आतले कपडे कोरडे राहिलेले. आता मी खोळीची बटणं लावून तिला आत टाकतो. त्याने फरक पडला. एकोणीसची नोंद बटणांच्या आधीची आहे, हे मशीनच्या बाजूने नमूद करतो.

एवढं करून शेवटचं मिनिट संपलं की मशीन गाणं वाजवतं. बऱ्यापैकी लांबलचक आणि विजयी. ते ऐकून धावत जावं तर दार उघडत नाही! या कुलपात दोन धातूंची एक पट्टी असते. मशीन चालू असताना ती तापून वाकलेली राहते आणि दार अडवून धरते. धुणं संपल्यावर ती निवून सरळ होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात. पहिल्या आठवड्यात मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून दाराच्या मुठीला तडा आहे. त्या मिनिटांसाठी वहीत पाचवा रकाना आखावा लागला.

इको नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की तीन तास वीस मिनिटं येतात. बायको म्हणाली, "वीज वाचवायला तीन तास मशीन चालवायचं?" मी समजावलं की खरी वीज पाणी तापवायला लागते, ड्रम फिरवायला फारशी नाही. म्हणून पाणी कमी तापवायचं आणि त्याची भरपाई वेळाने करायची. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखं." त्यावर मी विचार करतो आहे.

मोज्यांबद्दल लोक उगाच गूढ बोलतात. दाराभोवतीच्या रबराच्या घडीत हात घाला. तिथे नसेल तर खालच्या कोपऱ्यातला फिल्टर उघडा, पण आधी फडकं अंथरा, पाणी येतं. मला तिथे एक मोजा, दोन बटणं आणि अर्धी टिकली मिळाली. मोजा आमचा नव्हता. मेहुण्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "भावोजी, मी तुमच्याकडे आंघोळ करायचं सोडलंय, मोजे कुठून येणार?"

पाचपैकी साडेतीन तारे देतो. एक घड्याळाबद्दल कापला आणि अर्धा त्या गाण्याबद्दल.

हे तारे वहीच्या शेवटी मांडायला म्हणून काल वही उतरवली, तर मागच्या पानावर बायकोच्या अक्षरात आणखी एक तक्ता दिसला. तिनेही रकाने आखले होते, तेही पट्टीने. 'जेवायला या' : 'आलोच, एक मिनिट' : सव्वीस मिनिटं. 'जरा खाली जाऊन या' : 'एक मिनिट' : दुसऱ्या दिवशी सकाळी. 'गळका नळ' : 'एक मिनिटाचं काम आहे' : यापुढचा रकाना कोरा.

मी हरकत घेतली की चारपाच नोंदींवरून निष्कर्ष काढता येत नाही. तिने पान उलटलं. मागे आणखी तीन पानं होती, आणि प्रत्येकाच्या तळाशी बेरीज.

बेरीज तपासली. बरोबर आहे.